हिरव्या गाडीवरचे ठिपके

मुंबईत चार दिवस राहून आलो. तिथं बघण्यासारखं काय काय आहे ते मला विचारू नका, कारण मी काहीच बघितलं नाही. मी गेलो होतो चोर पकडायला.

आधी माझी ओळख करून देतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. मी वजनमापे खात्यात बत्तीस वर्षं निरीक्षक होतो, सगळी नोकरी कोल्हापूर-सांगली भागात. पारड्याच्या पोटाला चिकटवलेला चिंचेचा गोळा, आतून कोरून पोकळ केलेलं किलोचं वजन, तळाला पोचा पाडलेलं रॉकेलचं माप, हे सगळं मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय. आणि एक गोष्ट पक्की शिकलोय. जो दुकानदार आत बोलावून चहा पाजतो, त्याच्याच तराजूत खोट असते. निवृत्त झालो तेव्हा खुर्ची गेली, नजर काही गेली नाही. बायको म्हणते, "लग्नात अक्षतापण मोजल्या असतील ह्यांनी." मोजल्या नव्हत्या. तांदूळ किडका होता, एवढं मात्र आठवतंय.

तर माझ्याकडे एक गाडी आहे. इंग्लंडात बनलेली, दोनच माणसांची, हिरवी, कापडी टपाची, चाकांना सायकलसारख्या तारा असलेली. कंपनीचं नाव सांगत नाही. सांगितलं की लोक लगेच किंमत विचारतात. माझे मामा साखर कारखान्यात इंजिनिअर होते. तिथला गोरा साहेब मायदेशी परत निघाला तेव्हा त्याच्याकडून त्यांनी ती घेतली. मामांना मूलबाळ नव्हतं, म्हणून ती पुढे माझ्याकडे आली. लहानपणी मामा मला शेजारी बसवून पंचगंगेच्या पुलावरून न्यायचे. टोपी उडू नये म्हणून मी दोन्ही हातांनी डोकं घट्ट धरून बसायचो. तेवढं एक सुख मला मरायच्या आधी परत पाहिजे होतं. म्हणून निवृत्तीनंतर मी अंगणात ती गाडी स्वतःच्या हातांनी खोलली, अगदी इंजिनाच्या पोटापर्यंत. खोलणं काय, सोपं असतं, सरकत्या पान्याने आणि पकडीनेही होतं.

जोडायला बसलो आणि हात टेकले. एका नटाला पाना बसेल तर शपथ. मिलिमीटरचा एक पाना ढिला व्हायचा, त्याच्या खालचा आतच जायचा नाही. आमच्या कोल्हापुरात कारागिरांना तोटा नाही, पण सगळ्यांनी माना हलवल्या. शेवटी एक म्हातारा मिस्त्री म्हणाला, "ह्याला जुने इंची पाने लागत्यात. लालबागला परब म्हणून एक फिटर हाय, बंद पडलेल्या मिलमधला. त्याच्याकडं द्या." मग अर्धी गाडी टेम्पोत उभी करून आणि अर्धी पाच पोत्यांत भरून मी मुंबईला पाठवली.

पण पाठवण्याआधी खात्याला शोभेल असं एक काम केलं. जुन्या गाड्यांच्या बाबतीत सगळे एकच सांगतात: मिस्त्री अस्सल भाग काढून घेतात आणि नकली बसवून देतात. म्हणून मी टोकदार पंच आणि हातोडी घेतली आणि प्रत्येक भागावर, पटकन दिसणार नाही अशा जागी, एकेक बारीक ठिपका मारला. चोपन्न भाग, चोपन्न ठिपके. वहीत यादी केली, खाली गाडीच्या मैलांचा आकडा लिहिला, आणि कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही.

ह्याला सात महिने झाले. पहिले चार महिने परब स्वतः फोन करायचे. आज इंजिन चालू झालं, आज रंग झाला. नंतरचे तीन महिने मात्र त्यांचं एकच पालुपद: "झाली म्हणून समजा साहेब. आठ दिवस द्या." आठ दिवस मागणारा माणूस मी चांगला ओळखतो. त्या आठ दिवसांत तो वजनं बदलत असतो. मी न कळवता निघालो.

बुधवार, गिरगाव

उतरलो मावसभाऊ वसंताकडे. गिरगावात एका वाडीतल्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्याच्या दोन खोल्या आहेत. आमच्याकडे शेजारी दारातून हाक मारून आत येतो. इथे गॅलरीतून जाता जाता तो आत डोकावून बघतो आणि हाक न मारता पुढे जातो, कारण त्याला हवं ते त्याला कळलेलं असतं. मी बॅग ठेवून हातपाय धुवेपर्यंत चार घरांना ठाऊक झालं होतं की वसंताचा कोल्हापूरचा भाऊ आलाय आणि त्याची गाडी लालबागला अडकलीय. मी तर चकार शब्द काढला नव्हता.

"वसंता, तू सांगितलंस?"

"अण्णा, लपवण्यासारखं काय आहे त्यात? गाडी तुझी, तू आलायस."

लपवण्यासारखं कसं नाही? गिरगावातून लालबागला बातमी जायला किती वेळ लागतो! दुपारी वहिनींनी कोलंबीची खिचडी केली होती. उत्तम होती, तिखट तेवढं आमच्या हिशेबाने नावाला. पण माझं लक्ष जेवणात नव्हतं. हात सुकायच्या आत मी वसंताला घेऊन चोरबाजारात गेलो. म्हटलं, माझ्या गाडीचे भाग बाहेर पडलेच असतील तर आधी इथेच येणार.

एका दुकानात पितळी बंब, ग्रामोफोन, तुटकी घड्याळं असल्या पसाऱ्यात दोन गोल चकचकीत दिवे दिसले. थेट माझ्या गाडीचे. मी खिशातून भिंग आणि टॉर्च काढली आणि दिव्याच्या मागची कड बघायला लागलो. दुकानदार जवळ येऊन उभा राहिला.

"साहब, पुलिस से हो क्या?"

"नाही. वजनमापे."

"इसका वजन करना है?"

वसंता शरमून दोन दुकानं पुढे जाऊन उभा राहिला. दिव्यावर ठिपका नव्हता. दुसऱ्यावरही नव्हता. दिवे माझे नव्हते, ह्याचा मला आनंद व्हायला पाहिजे होता. तो झाला नाही, उलट हिरमुसलोच.

गुरुवार, लालबाग

सकाळी एकटाच लालबागला गेलो. मिरच्या भाजून कांडून मसाला करून देणाऱ्या दुकानांची तिथे एक रांगच आहे. परबांचं वर्कशॉप त्याच गल्लीच्या टोकाला, मिलच्या जुन्या भिंतीला लागून, पत्र्याच्या शेडमध्ये. मी सरळ आत गेलो नाही. आधी अर्धा तास नुसती नजर ठेवायची, कोण येतं, कोण काय घेऊन जातं ते बघायचं, ही आमची पद्धत. समोरच्या मसाल्याच्या दुकानात पोत्यांच्या थप्पीआड उभा राहिलो.

तिथेच चुकलो. पाच मिनिटांत आत मसाला कांडायचा डंका सुरू झाला आणि मिरचीचा असा खकाणा उठला की मला एकापाठोपाठ एक अकरा शिंका आल्या. डोळे पुसून बघतो तर गल्लीतली सगळी माणसं माझ्याकडे बघतायत. शेडच्या दारात एक चाळिशीतली बाई उभी. हातात मोठी कात्री, गळ्यात मापाची टेप.

"कोल्हापूरचे मानेसाहेब ना? या आत. कोल्हापूरचा माणूस लालबागच्या मिरचीला शिंकतो, हे पयल्यांदा बघितलं."

ही सुजाता. गाड्यांच्या गाद्या आणि कापडी टप शिवणारी. वरळीच्या बीडीडी चाळीत राहते आणि परबांच्या शेडमध्ये एका कोपऱ्यात मशीन मांडून बसते. मशीनवरच्या भिंतीला निळ्या कोटातली तसबीर. समोरच्या भिंतीला, परबांच्या पान्यांवर, गणपती. मला हिने ओळखलं कसं? चाळीतून बातमी आली असणार, दुसरं काय. माझा संशय पक्का झाला.

आणि मधोमध माझी गाडी उभी होती. काय सांगू! तो हिरवा रंग, ते लांब नाकाड, तारांची चाकं. क्षणभर मी निरीक्षक राहिलोच नाही, टोपी धरून बसलेला पोरगा झालो. डोळे भरून आले, ते मी मिरचीवर ढकललं.

परब पुढे आले. सत्तरीला टेकलेला, किरकोळ अंगाचा माणूस, बोटं मात्र जाड. मिल बंद पडली तेव्हा सोबत काय घेऊन आले, तर पाने. भिंतीवर ओळीने टांगले होते.

"ह्या गाडीचे नट नि आमच्या मिलमधल्या साच्यांचे, म्हणजे मागांचे, नट एकाच मापाचे, साहेब. दोन्ही इंग्लंडचेच. साचे भंगारात गेले, पाने रव्हले. मग ह्या गाड्या शोधत आल्या माका."

"मग चला, चक्कर मारू या," मी म्हणालो.

परबांचा चेहरा पडला. "अजून आठ दिवस साहेब."

"उभी तर दिसतीय. काय राहिलंय?"

"थोडां काम आसा." एवढं बोलून त्यांनी नजर चुकवली आणि म्हणाले, "जेवल्याशिवाय जायचां नाय. आज बांगडो आसा."

झालं. नजर चुकवली आणि वर जेवायला घालतो. बत्तीस वर्षांचा अनुभव माझ्या कानात ओरडायला लागला.

परब चहा सांगायला बाहेर गेले, सुजाता मशीनवर वळली, आणि मी वही काढून गाडीखाली शिरलो. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टासकट. ठिपके होते. स्टिअरिंगच्या दांड्यावर होता, ब्रेकच्या ड्रमांवर होते, दिव्यांवर होते. मात्र मागच्या चाकांजवळचं एक बेअरिंग कोरं निघालं. नवं कोरं, बिनठिपक्याचं. सापडलं! मग बाहेर येऊन मैलांचा आकडा बघितला. वहीतल्या आकड्यापेक्षा तो दोनशे बारा मैलांनी पुढे गेला होता. दुरुस्तीला दिलेली गाडी दोनशे बारा मैल कुठे फिरली? मी सीट उचलली. खाली झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या, मूठभर.

आता सगळं लख्ख झालं. असल्या गाड्या मुंबईत लग्नाच्या वरातीला भाड्याने देतात, हे मी ऐकून होतो. नवरानवरी माझ्या मामांच्या गाडीत बसून मिरवत होती, म्हणूनच ते 'आठ दिवस'.

मागून सुजाताचा आवाज आला. "झाली का तपासणी?"

मी दचकलो. शर्टाच्या पाठीवर ग्रीसचा हा एवढा पट्टा उमटला होता.

"बाई, माझी वस्तू आहे. मी बघणार."

"बघा की. पण एक सांगते. काकांच्या हातून आजवर एक गाडी अर्धवट परत गेली नाय. तुम्ही टेम्पो घेऊन याल नि गाडी उचलाल, ह्या धास्तीनं माणूस तीन महिने नीट जेवला नाय. तशी नेलीत ना, तर काका परत पाना उचलणार नाय. मी ओळखते त्यांना."

"मग त्यांना सांगा, काय लपवताय ते सांगून टाका."

ती वळली. मशीन जोरात चालवायला लागली.

बांगडा मात्र मी खाल्ला. खोटं कशाला बोलू, सोलकढीही दोनदा घेतली. संध्याकाळी मात्र थेट दादर गाठलं. तिथून कोल्हापूरच्या गाड्या सुटतात, मालाच्या टेम्पोवाल्यांची माणसंही तिथे भेटतात. त्यातल्या एकाला शनिवारी सकाळी दहा वाजता लालबागला यायला सांगितलं. गाडी आहे तशी उचलायची, मग पुढचं पुढे.

शुक्रवार, लोअर परळ

शुक्रवारी मसाल्याच्या दुकानापासून लांब, रसवंतीच्या बाकावर बसलो. साडेबाराच्या सुमाराला परब शेडमधून बाहेर पडले. खांद्यावर जुन्या धोतरात गुंडाळलेलं हातभर लांब, जड काहीतरी. गुंडाळीच्या टोकाकडून चार भोकांची लोखंडी चकती डोकावत होती. ती मी ओळखली. गाडीच्या पोटाखालून, गिअरबॉक्सपासून मागच्या आसापर्यंत इंजिनाची ताकद नेणारा जो दांडा असतो, ज्याला शाफ्ट म्हणतात, तो हा. माझ्या गाडीचा शाफ्ट खांद्यावर टाकून हा माणूस चालला होता!

मी मागे लागलो. करी रोडचा पूल चढताना त्यांनी दोनदा थांबून खांदा बदलला. मी दोन्ही वेळा कठड्यावरून खाली बघत उभा राहिलो, जसं काही जन्मात रूळ पाहिले नाहीत. पलीकडे उतरलो आणि मान वर करून बघतच राहिलो. एवढाल्या काचेच्या इमारती, आणि त्यांच्या पायाशी मिलची एक चिमणी, राखणीला ठेवल्यासारखी. दुपारच्या जेवणाला बाहेर पडलेली पोरंपोरी गळ्यात पट्टे अडकवून झुणका-भाकरीच्या गाडीपुढे रांग लावून उभी होती. आमच्याकडे गळ्यात पट्टा बैलाच्या असतो, असं मनात आलं. पण हसायची ती वेळ नव्हती.

इमारतींच्या मागे एका बोळात परब एका गाळ्यात शिरले. मी दारातून डोकावलो. आत लेथ मशीन, त्यावर त्यांच्याच वयाचा एक टकलू माणूस. माझा शाफ्ट त्याने मशीनवर चढवला होता आणि फिरत्या शाफ्टजवळ खडू धरून तो डोळे बारीक करून बघत होता. परब बाजूला हात जोडल्यासारखे उभे.

मी आत घुसलो. "परब! कुणाला विकताय माझा माल?"

लेथ बंद झाला. परब माझ्याकडे वळले. मला वाटलं होतं, आता हा हातापाया पडेल नाहीतर अंगावर येईल. पण ते स्टुलावर बसले आणि त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"विकूक नाय आणलंय साहेब. सांगतो. आता सांगतलंच पायजे." आणि मग ते हळू आवाजात बोलत गेले. "गाडी थरथरता. चाळीसाच्या वर गेली की सगळी हादरता, दात वाजतत. तीन महिने झाले. काय केल्याबिगर ठेवलं नाय. चाकां बघली, बेअरिंग नवीन घातलं, गिअरबॉक्स तीनदा खाली उतरवला. पहाटे वरळीला समुद्रावर न्यायची, पळवून बघायची, परत आणायची. दर खेपेला दादरच्या फुलबाजारातून हार आणून घातला तिच्या नाकाडावर, म्हटलं आज तरी देव पावतलो."

दोनशे बारा मैल. झेंडूच्या पाकळ्या. कोरं बेअरिंग. एकेक पुरावा माझ्या हातातून गळून पडला.

"हा शाफ्ट चवथ्यांदा लेथवर चढवतोय," टकलू माणूस म्हणाला. "सरळ आहे हो. केसाचाही फरक नाही. परब ऐकत नाही."

"मग जोडणीत चूक असेल," मी बोलून गेलो.

"ती नाय." परब उठले आणि शाफ्टच्या चकतीच्या कडेवर बोट ठेवलं. "हे बघा. ठिपको. ही चकती मागच्या आसाच्या चकतीला चार बोल्टांनी बसता. सरळ नाय तर उलटी, दोन तऱ्हांनी बसू शकता, पण जुळता एकच. म्हणून खोलणारो फिटर दोन्हीकडे ठिपको मारून ठेवता, परत लावताना समोरासमोर ठेवायचो. तुमची गाडी ज्यानं खोलली तो कोणीतरी जाणता माणूस. त्यानं ठिपके मारलेत, मी ठिपक्याला ठिपको भिडवून लावलंय. इंजिनात पण त्याचे ठिपके आहेत, पण तिथल्या वस्तू एकाच बाजूनं बसतत. खूण लागता ती ह्या एकाच जागी, नि तिथे तो म्हणतो तसंच लावायचां."

मी वाकून बघितलं. ठिपका माझाच होता.

"फिरवून बघितलं नाही कधी? अर्धा फेरा?"

"खूण मोडून?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "साहेब, मिलमध्ये तीन पाळ्या. पयल्या पाळीच्या फिटरनं साचा खोलला नि त्याची सुट्टी झाली, की दुसऱ्या पाळीवाला येतो. विचारायला माणूस नाय, साचा बंद ठेवता येत नाय. तो खूण बघतो नि डोळे मिटून लावतो. दुसऱ्याच्या खुणेवर शंका घेतली असती तर मिल एक दिवस चालली नसती."

ज्या दिवशी मी ते ठिपके मारले, त्या दिवशी शाफ्ट अंगणात तुळशीजवळ पडला होता आणि मागचा आस गोठ्यापाशी. कुठला ठिपका कुठल्याच्या समोर येईल, हा विचार माझ्या स्वप्नातही आला नव्हता. मी खूण करत नव्हतो. मी चोरावर पाळत ठेवत होतो.

"उद्या गाडी घेऊन जावा साहेब," परब म्हणाले. "माझ्याकडून नाय झालं. पयलीच गाडी अर्धवट जातली. जाऊ दे. वय झालं."

बोलायला हीच वेळ होती. मी "बघू" म्हणालो आणि बाहेर पडलो.

संध्याकाळी गिरगावात गॅलरीत बसून होतो. मनात एक पक्की हिशेबी वाट दिसत होती. उद्या गाडी टेम्पोत घालायची, घरी न्यायची, अंगणात चार बोल्ट सोडून चकती अर्धा फेरा फिरवायची. कुणाला काही कळणार नाही. गाडी नीट, माझी अब्रू नीट. फक्त लालबागला एक म्हातारा भिंतीवरचे पाने कायमचे उतरवून ठेवणार. तेवढं सोडलं तर कुणाचं काही बिघडत नव्हतं.

वसंताने चहाचा कप पुढे केला. "काय अण्णा, सापडला का चोर?"

"सापडला."

"कोण?"

मी कप घेतला आणि समोरच्या चाळीकडे बघत बसलो. दोन जुन्या दुकानदारांची तोंडं आठवत होती, ज्यांचे तराजू मी जप्त केले होते आणि जे पुढे खरे निघाले होते. त्यांची मी माफी मागितली नव्हती. तशी पद्धतच नव्हती आमच्यात.

शनिवार, दादर ते वरळी

पहाटे दादरला फुलबाजारात गेलो. पुलाखालून निघालेली ती ओली, चिखलाची वाट, डोक्यावर करंड्या घेऊन धावणारी माणसं, गुडघाभर झेंडू. एक हार घेतला. आयुष्यात पहिल्यांदा फुलवालीला "वजन बघू" म्हटलं नाही. सात वाजता लालबागला पोचलो. परब गाडीखाली शाफ्ट परत लावत होते, मला देऊन टाकायच्या तयारीने. सुजाता टपाच्या कापडाची घडी घालत होती. माझ्याशी बोलली नाही.

मी हार गाडीच्या बॉनेटवर ठेवला. "परब, बाहेर या. एक सांगायचं आहे."

ते बाहेर आले, हात पुसत.

"ते ठिपके मी मारलेत."

"तुम्ही फिटर होता काय?"

"नाही. जुळणीसाठी नाही मारले. कुठेही मारले, हाताला येईल तिथं. चोरी झाली तर कळावी म्हणून."

"कोणाच्या चोरीची?"

मला वाटलं होतं, हे विचारणार नाहीत. "तुमच्या," मी म्हणालो.

सुजाताच्या हातातली घडी थांबली. बाहेर मसाल्याचा डंका सुरू झाला होता. परबांनी गाडीच्या पोटाकडे वाकून बघितलं, जशी कुणी ओळखीचा माणूस गेल्याची बातमी आली असावी.

"तीन महिने, साहेब," ते शेवटी म्हणाले. "तीन महिने मी त्या फिटराक एक शिवी दिली नाय. म्हटलं, खूण करून ठेवणारो माणूस चुकायचो नाय. चूक माझीच आसतली. हात गेले माझे, डोळे गेले, असंच धरून चाललो."

आयुष्यभर लोकांच्या तराजूत खोट शोधली, आणि ह्या माणसाने माझ्यासारख्याच्या ठिपक्यावर भरवसा ठेवून स्वतःच्या हातांवर संशय घेतला होता. मला त्याच्या समोर उभं राहवेना. "माझं चुकलं," मी म्हणालो. हे शब्द माझ्या तोंडून कसे निघाले, मला माहीत नाही. सवय नव्हती.

परबांनी भिंतीवरून एक पाना काढून माझ्या हातात दिला.

"ठिपके तुम्ही मारले. बोल्ट तुम्ही सोडा."

"मला जमेल?"

"खोलणां जमतां तुमका," ते म्हणाले, आणि सुजाता फिसकन हसली.

मग मी गाडीखाली शिरलो. दुसरा इस्त्रीचा शर्ट. इंची पाना नटावर असा बसला, जणू त्याच्यासाठीच घडवला होता. परब शेजारी उताणे पडून सांगत होते आणि मी सोडत होतो. चार बोल्ट. चकती अर्धा फेरा फिरवली. चार बोल्ट परत. अर्धा तासही लागला नाही. तीन महिन्यांचं दुखणं, आणि औषध अर्ध्या तासाचं.

हार घालून आम्ही निघालो. चालवत परब होते, शेजारी मी. वरळीच्या समुद्रावर सकाळचे चालणारे लोक गाडीकडे बघून हात करत होते. काटा तीसवर गेला, पस्तीसवर गेला. परबांचे जबडे आवळले होते. चाळीस. मी डोळे मिटले. पंचेचाळीस. काही नाही. नुसता वारा, आणि इंजिनाचा एकसुरी आवाज. मी डोळे उघडले तेव्हा लक्षात आलं, टोपी नसताना मी दोन्ही हातांनी डोकं धरून बसलो होतो.

परबांनी वेग कमी केला नाही. त्यांचे डोळे वाहत होते, वाऱ्याने असेल.

शेडमध्ये परत आलो तेव्हा टेम्पोवाला येऊन उभा होता. गाडी चढवण्याआधी परब पुन्हा खाली शिरले. छिन्नीने त्यांनी शाफ्टवरच्या माझ्या ठिपक्यावर आडवी काट मारली, आणि चकतीच्या उलट बाजूला, आसावरच्या ठिपक्यासमोर, पंच ठेवून नवा ठिपका उमटवला.

"काट मारली म्हणजे ती खूण धरायची नाय," ते म्हणाले. "हा ठिपको खरा. पुढच्या पाळीवाल्याक कळतला."

निघताना सुजाताने गाडीतून निघालेल्या जुन्या भागांचं पोतं माझ्यापुढे ठेवलं. "मोजून घ्या साहेब. वहीशी लावून बघा."

मी ते तसंच टेम्पोत टाकलं. ती "बरं," म्हणाली. तेवढ्यानेच मला फार बरं वाटलं.

आता घरी आहे. गाडी पंचगंगेच्या पुलावरून रोज संध्याकाळी जाते, आणि बायको शेजारी पदर धरून बसते. रविवारी मात्र मी गाडीखाली असतो, छिन्नी घेऊन. चोपन्नपैकी दोन ठिपके परबांनी मार्गी लावले. पस्तिसांवर मी स्वतः काट मारलीय. राहिले सतरा. ते इंजिनाच्या आणि गिअरबॉक्सच्या पोटात आहेत, तिथे माझा हात पोचत नाही, आणि पुन्हा खोलायची माझी छाती नाही. कधीतरी, मी नसेन तेव्हा, कुणी फिटर ते उघडेल आणि ठिपके बघून म्हणेल, कुणीतरी जाणता माणूस होता. त्याने त्या सतरा ठिपक्यांवर भरवसा ठेवू नये. एवढं त्याला कळावं म्हणून हे सगळं लिहिलं.